चक्रीय फॅशन: पुनर्चक्रणयोग्य नवा कपडा की जुन्यातून नवा?

चक्रीय उत्पादनाकडे, म्हणजे वापरलेले साहित्य पुन्हा उत्पादनात आणण्याच्या पद्धतीकडे, वळू पाहणाऱ्या फॅशन डिझायनरपुढे प्रामुख्याने दोन वाटा आहेत: वापर संपल्यावर सहज सुटा करता येईल असा नवा कपडा घडवणे, किंवा वापरलेल्या कपड्यांपासून नवा कपडा तयार करणे.

पहिल्या वाटेवर डिझायनरचे काम रेखाटनाच्या बरेच आधी, तंतूंच्या निवडीपासून सुरू होते. सुती कापडात थोडे इलॅस्टेन (ताणले जाणारे कृत्रिम तंतू) मिसळले की कपडा अंगावर चांगला बसतो, पण पुढे तेच तंतू वेगळे करणे अवघड जाते. सुती कपड्याला वापरलेला पॉलिएस्टरचा दोरा, चिकटवलेले अस्तर आणि धातूचे रिव्हेट (खिशांच्या कोपऱ्यांवर ठोकलेली छोटी बटणे) यांचीही अडचण तशीच. चक्रीय अर्थव्यवस्थेसाठी काम करणाऱ्या एलन मॅकआर्थर फाउंडेशन या संस्थेने २०१९ साली जीन्ससाठी जी मार्गदर्शक तत्त्वे मांडली, त्यांत कपडा किमान ३० घरगुती धुलाया टिकावा आणि रिव्हेट टाळावेत किंवा कमीत कमी ठेवावेत, अशा अपेक्षा आहेत. म्हणजे टिकाऊपणा आणि सुटेपणा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात, आणि मला या कामाचा खरा कस तिथेच दिसतो. शिवाय युरोपीय संघाचा जुलै २०२४ मध्ये लागू झालेला इकोडिझाइन कायदा उत्पादनांसाठी डिजिटल पासपोर्टची, म्हणजे उत्पादनाची माहिती देणाऱ्या डिजिटल नोंदीची, तरतूद करतो, त्यामुळे पुरवठादारांकडून अचूक माहिती मिळवून ती नोंदवणे हेही डिझायनरच्या कौशल्यात मोडू लागले आहे.

दुसऱ्या वाटेवर कच्चा माल दर वेळी वेगळा असतो. डाग, झीज आणि जुन्या शिवणी टाळत नमुना बसवावा लागतो, उसवण्यात वेळ जातो आणि एकसारखे साइझ काढणे कठीण होते. मात्र कापड पुन्हा तंतूपर्यंत नेण्याची गरज नसल्याने लाभ लगेच दिसतो. पहिल्या वाटेला हे सुख नाही: याच फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरलेल्या साहित्यापैकी १ टक्क्याहूनही कमी साहित्य पुन्हा नव्या कपड्यात येते, आणि संकलन, वर्गीकरण व प्रक्रिया यांवर एकट्या डिझायनरचा ताबा नसतो.

तरीही मोठ्या उत्पादनात काम करण्याची संधी असेल, तर मी पहिली वाट सुचवेन, कारण तिथला एक योग्य निर्णय हजारो कपड्यांत उतरतो. विद्यार्थ्याने मात्र आधी भरपूर जुने कपडे उसवून पाहावेत. कोणती शिवण सहज सुटते आणि कोणती कापड फाडते, हे त्यातून हाताला कळते. नोकरी स्वीकारण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य विचारावी: कापड आणि दोरा ठरतो त्या बैठकीत डिझायनरला स्थान आहे का? ते नसेल, तर पुनर्चक्रणयोग्य कपडा घडवण्याची जबाबदारी केवळ कागदावरच राहील.