स्वगताची ‘पक्की खबर’ आणि टेलिग्रामवरचा दादा

न्यूयॉर्कचा ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ हा विनोदी टीव्ही कार्यक्रम शनिवारी रात्री साडेअकराला थेट सुरू होतो आणि सुरुवातीच्या भागात पाहुणा सूत्रधार काही मिनिटं विनोदी स्वगत करतो. त्यात तो अमुक शब्द उच्चारेल की नाही, यावरही हल्ली अमेरिकेत सौदे होतात. शब्द आला तर ‘होय’च्या प्रत्येक सौद्याला एक डॉलर, नाही आला तर शून्य. भाव वीस सेंट असेल तर बाजाराच्या मते शक्यता वीस टक्के. मला लुबाडलं ते या बाजाराच्या दाराशी बसलेल्या खबरविक्याने.

न्यू जर्सीतल्या मराठी ओळखींमधूनच टेलिग्रामवरच्या एका गटाची लिंक आली. चालवणारा मराठीत लिहायचा, सगळे त्याला दादा म्हणायचे. ‘आपला माणूस तालमीला बसतो’ हा त्याचा दावा. लबाडी खरी, पण बिनबुडाची नव्हे. या कार्यक्रमाची पूर्ण रंगीत तालीम त्याच संध्याकाळी आठच्या सुमारास खरोखरच प्रेक्षकांसमोर होते. रात्री उशिरा दिसणारे बरेचसे टॉक शो तर संध्याकाळीच प्रेक्षकांसमोर चित्रित झालेले असतात. म्हणजे घरी बसून पैसे लावणाऱ्याच्या आधी कित्येक जणांनी ते विनोद ऐकलेले असतात. दादा विकत होता ते हे अर्धं सत्य.

आणि पळवाटही त्यातच होती. तालमीनंतर विनोद कापले जातात, बदलले जातात. खबर चुकली की उत्तर तयार: ‘तालमीत होतं, ऐनवेळी उडवलं.’ कोण तपासणार?

सुरुवातीच्या खबरा फुकट, आणि बरोबर. पुढे त्याच्याच दुसऱ्या गटातला एक गृहस्थ गणपतीच्या कार्यक्रमात भेटला तेव्हा कळलं, की मला ‘होय’ सांगितलेल्या शब्दावर त्याच्या गटाला ‘नाही’ सांगितलं होतं. एक गट चुकणारच, तो गळतो. उरलेल्यांना दादा देव वाटतो, आणि मग वर्गणी सुरू होते. ती ‘झेल’नेच (बँकखात्यातून थेट पैसे पाठवायची अमेरिकेतली सोय) पाठवायची.

खरी कमाई मात्र वर्गणीची नव्हतीच. त्या शनिवारी रात्री दहाला ‘टॅरिफ’वर ‘होय’ घ्या, असा निरोप आला. भाव विशीत होता. असल्या शब्दांच्या सौद्यांत खरेदीविक्री तुटपुंजी असते. पन्नास माणसं एकदम धावली की भाव उसळतो. काही मिनिटांत तो साठीपलीकडे गेला आणि आम्ही सगळे त्याच भावाला घेत राहिलो. आम्हाला विकत कोण होतं? व्यवहारांची यादी नंतर नीट पाहिली. तिथे नावं दिसत नाहीत, पण वेळ आणि भाव दिसतात: निरोपाच्या आधी तासभर ‘होय’ची बारीक बारीक खरेदी, निरोपानंतर लगेच घाऊक विक्री. तो दादाच होता हे मी सिद्ध करू शकत नाही. मला स्वतःला मात्र तिळमात्र शंका नाही. शब्द स्वगतात आला नाही, हा भाग त्याच्या दृष्टीने गौणच.

बरं, खबर नसली तरी हा खेळ वाकवता येतो. ३० ऑक्टोबर २०२५ ला कॉइनबेस या क्रिप्टो खरेदीविक्रीच्या कंपनीचे प्रमुख ब्रायन आर्मस्ट्राँग यांनी कंपनीच्या तिमाही निकालांच्या कॉलच्या शेवटी ‘बिटकॉइन, इथेरियम, ब्लॉकचेन, स्टेकिंग, वेब३’ असे शब्द सरळ म्हणून टाकले, कारण त्यांवर सौदे चालू होते. गंमत म्हणून असेल. पण बोलणाऱ्याच्याच जिभेवर निकाल असतो, तिथे अंदाज कसला बांधायचा?

बँकेने हात वर केले: पैसे तुम्हीच पाठवलेत. मी एफबीआयच्या ‘आयसी३’ या ऑनलाइन गुन्ह्यांच्या तक्रारींच्या संकेतस्थळावर आणि वायदेबाजारावर देखरेख करणाऱ्या सीएफटीसीकडे तक्रार केली आहे. पुण्याहून एक भाचा ‘व्हीपीएन लावून क्रिप्टोने खेळता येतं ना मामा?’ विचारत होता. त्याला सांगितलं, भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला आहे. तिथे फसलास तर तक्रारीलाही बिचकशील. तरी कुणी फसलंच असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनला विनाविलंब फोन करावा.

आणि प्रश्न विचारायच्या आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा. मी गटात त्या विक्रीबद्दल विचारलं आणि क्षणात बाहेर फेकला गेलो. दादाने मला स्वतंत्रपणे पाठवलेले निरोपही माझ्या फोनवरून पुसले. टेलिग्रामवर तसं करता येतं. तक्रारीला जोडलेले स्क्रीनशॉट माझ्याकडचे नव्हेत, त्या गणपतीत भेटलेल्या गृहस्थाकडचे.