पाइन बीटल लागलेलं झाड 'वाचवून देतो' म्हणणाऱ्यांपासून सावध राहा (कोलोराडो)

डेन्व्हर-बोल्डरच्या वरच्या डोंगरात ज्या मराठी लोकांची घरं आहेत त्यांनी हे प्लीज पूर्ण वाचा. आमच्या आवारात पॉन्डेरोसा पाइनची जुनी झाडं होती. ऑक्टोबरमध्ये एक ट्री सर्व्हिसवाला दारात आला, खोडावर पॉपकॉर्नसारखे डिंकाचे गोळे दाखवले आणि म्हणाला माउंटन पाइन बीटल (पाइनची साल पोखरणारा भुंगेरा) लागलाय, पण मी खोडात इंजेक्शन देतो, झाड नक्की वाचेल, अर्धे पैसे आत्ता, अर्धे मार्चमध्ये झाड हिरवं दिसलं तर. बीटल खराच होता, त्यामुळे पुढचंही खरं वाटलं. कोलोराडोत 1996 ते 2013 मध्ये सुमारे 34 लाख एकर जंगलाला हा बीटल लागला होता, लोक घाबरलेलेच असतात.

पण बीटल सालीखाली घुसून पसरला की कुठलंच औषध झाड वाचवत नाही!! भुंगेरा जेमतेम 5 मिलिमीटरचा, पण एका झाडावर शेकड्याने उतरतात, सालीखाली बोगदे करून अंडी घालतात आणि सोबत बुरशी आणतात, ती लाकडात पसरली की वर पाणी चढणं बंद. तरी झाड हिवाळाभर हिरवंच राहतं, सुया लाल होतात पुढच्या उन्हाळ्यात. म्हणजे मार्चची अट मुद्दाम होती, तेव्हा मेलेलं झाडपण हिरवं दिसतं. त्याने उरलेले पैसे नेले, जूनमध्ये शेंडे पिवळे पडले, फोन बंद.

नंतर स्टेट फॉरेस्ट सर्व्हिसच्या फॉरेस्टरने साल सोलून आतलं त्या बुरशीने निळं पडलेलं लाकूड दाखवलं तेव्हा खूप वाईट वाटलं, एवढी वर्षांची झाडं. एक झाड मात्र वाचलं. त्याच्या डिंकात बीटल चिकटून मेले होते आणि सालीच्या भेगांत बीटल पोखरताना पडणारा भुसा नव्हता, म्हणजे झाडाने स्वतःच त्यांना बाहेर ढकललं. असल्या झाडाचे फोटो हे लोक आपलं काम म्हणून दाखवतात.

खरा उपाय म्हणजे निरोगी झाडाच्या खोडावर बीटल उडायच्या आधी, म्हणजे जुलै लागायच्या आत फवारणी, तीपण दरवर्षी. फवारणाऱ्याकडे राज्याच्या कृषी खात्याचं लायसन्स लागतं, ते आणि औषधाचं लेबल आधी मागा, आमच्यावाल्याने दोन्ही कधी दाखवलं नाही. आणि लागण झालेली झाडं तोडून ओंडके सालीसकट आवारातच रचून जाणारेही आहेत, त्यांना ते उचलायला लावा नाहीतर साल काढून घ्या, कारण उन्हाळ्यात त्यातूनच नवे बीटल निघून शेजारच्या चांगल्या झाडांवर जातात.