ठाण्याच्या गॅलरीत कोणता झिनिया लावावा: उंच की बुटका?

झिनियाचे बी घेताना मुख्यतः दोन प्रकारांतून निवड करावी लागते. पहिला झिनिया एलिगन्स, म्हणजे जुना, उंच, डेलियासारख्या भरगच्च फुलांचा. दुसरा एलिगन्स आणि अरुंद पानांचा अंगुस्टिफोलिया यांच्या संकरातून आलेला बुटका, ज्यातील प्रोफ्यूजन ही मालिका सर्वांत परिचित आहे. दोघांचेही मूळ मेक्सिकोचे, दोघांनाही भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा होणारी माती लागते. पण ठाणे-नवी मुंबईच्या दमट हवेत दोघांची तब्येत सारखी राहत नाही.

मुख्य फरक रोगांचा आहे. माझ्या नौपाड्यातील गॅलरीत मी एकदा जूनच्या पहिल्या आठवड्यात एलिगन्स पेरला होता. रोपे जोमाने वाढली, परंतु ऑगस्टमध्ये खालच्या पानांवर लालसर तपकिरी ठिपके दिसू लागले आणि गणपतीपर्यंत खोडाची खालची अर्धी उंची उघडी पडली. हा करपा ओल्या पानांवर पसरतो, त्यामुळे ग्रिलमधून पावसाचे सपकारे येत असतील तर तो टाळणे फार कठीण जाते. थंडीत त्याची जागा भुरी घेते. तिला पान ओले असण्याचीही गरज नसते. दिवसा कोरडी हवा आणि रात्री दमटपणा एवढे तिला पुरते. पानावरून अंगठा फिरवल्यावर पिठासारखी पांढरी पूड लागली, की ते पान त्याच दिवशी काढावे. बुटक्या संकरित प्रकारात या दोन्ही रोगांना बरीच प्रतिकारशक्ती आहे, आणि पावसाळ्यात फुले हवी असणाऱ्याने तोच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

एलिगन्सच घ्यायचा असेल, तर हवा खेळती ठेवण्याला पर्याय नाही. जानेवारी 2016 मध्ये आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात अंतराळवीर स्कॉट केली यांनी झिनिया फुलवला, तेव्हा तिथेही साचलेल्या ओलाव्यामुळे पानांवर बुरशी आली होती आणि पंख्याचा वेग वाढवून झाडे सुकवावी लागली होती. म्हणून दोन रोपांत 25 ते 30 सेंटिमीटर अंतर ठेवावे, पाणी सकाळी आणि थेट मातीत घालावे.

जागेच्या दृष्टीनेही बुटका सोयीचा आहे. तो 30 ते 40 सेंटिमीटरवर थांबतो आणि 8 इंची कुंडीत सुखाने राहतो. उंच जाती 75 ते 90 सेंटिमीटरपर्यंत जातात, त्यांना 12 इंची कुंडी आणि वरच्या मजल्यांवरील वाऱ्यात काठीचा आधार द्यावा लागतो. उन्हाचा हिशेब मात्र दोघांनाही चुकत नाही, कारण सहा तासांपेक्षा कमी ऊन मिळाल्यास दोन्ही नुसतेच वाढतात. दक्षिणेकडील गॅलरीत डिसेंबरमध्ये सूर्य कलल्याने ऊन खोलवर येते, तर जूनमध्ये तो डोक्यावर असल्याने तीच गॅलरी सावलीत जाते. अशा घरात ऑक्टोबरमध्ये पेरणी करणेच योग्य, आणि त्या हंगामात एलिगन्सलाही चांगली संधी असते.

पेरणी दोघांची एकच आहे: मुळांना हलवलेले आवडत नाही, म्हणून बी थेट कुंडीत, अर्धा सेंटिमीटर खोल टाकावे; आठवडाभरात ते उगवते.

फुलदाणीसाठी मात्र एलिगन्सला तोड नाही. फुलाखाली वीतभर अंतरावर देठ धरून हलकेच हलवावा. तो ताठ राहिला तर फूल तोडण्याजोगे झाले, वाकला तर दोन दिवस थांबावे. घाईने तोडलेले फूल पाण्यात ठेवूनही मान टाकते. रोप वीतभर झाल्यावर शेंडा खुडला, की फुटवे येऊन लांब देठांची फुले वाढतात. बुटक्याचे देठ आखूड असल्याने तो कुंडीतच शोभतो, पण त्याची सुकलेली फुले खुडत बसावे लागत नाही, हा नोकरी करणाऱ्यांसाठी मोठा फायदा आहे.

बी राखून ठेवायचे असेल, तर साध्या, संकरित नसलेल्या एलिगन्सचीच निवड करावी, कारण संकरिताच्या बियांतून तशीच झाडे येतील याची खात्री नसते. फूल झाडावरच पूर्ण तपकिरी होऊ द्यावे आणि वाळलेली पाकळी ओढून पाहावी. तिच्या बुडाशी बाणाच्या टोकासारखे चपटे बी चिकटलेले असते. ते आठवडाभर सावलीत सुकवून कागदी पाकिटात ठेवावे.