भाजीपाल्याच्या ऊतिसंवर्धनासाठी अगर घ्यावे की जेलन?

बटाटा, टोमॅटो किंवा वांग्याची रोपे ऊतिसंवर्धनाने, म्हणजे झाडाच्या लहानशा तुकड्यापासून, प्रयोगशाळेत बाटलीत वाढवायची ठरली, की क्षारांच्या मिश्रणाबद्दल फारसा वाद उरत नाही. मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली दिलेल्या माध्यमावर, म्हणजे रोपांना पोसणाऱ्या द्रावणावर, बहुतेकांचे भागते. घोडे अडते ते हे माध्यम घट्ट कशाने करायचे इथे. त्यासाठीचे अगर आणि जेलन हे दोन्ही पदार्थ मी मुलुंडच्या आमच्या लहानशा प्रयोगशाळेत वापरले आहेत.

तांबड्या समुद्री शैवालापासून मिळणारे अगर नवख्याला सांभाळून घेते. लिटरला सात-आठ ग्रॅम टाकावे. ते चाळीस अंशांच्या आसपास घट्ट होत असल्याने बाटल्या भरायला सवड मिळते आणि उरलेले पुन्हा वितळवता येते. जिवाणूंपासून मिळणारे जेलन लहरी आहे. थंड पाण्यात जोराने ढवळत भुरभुरले नाही तर त्याच्या गुठळ्या होतात, निवू लागताच ते झटकन घट्ट होते आणि एकदा घट्ट झाले की सहजासहजी वितळत नाही. मात्र ते लिटरला दोन-तीन ग्रॅमच लागते, त्यामुळे किलोचा भाव ऐकून लगेच बिचकू नये. शिवाय ते काचेसारखे नितळ असल्यामुळे खोडाच्या बुडाशी जिवाणूंचा धुरकट पट्टा धरू लागला, तर तो लवकर दिसतो; अगरच्या मूळच्या गढूळपणात तो बराच काळ लपून राहतो.

माझा निर्णय मात्र झाला तो रोपे बाटलीबाहेर काढताना. बटाट्याच्या केसासारख्या मुळांमध्ये अगरचे कण असे अडकून बसतात, की कोमट पाण्यात कितीही हलक्या हाताने चोळले तरी थोडे अगर राहतेच, आणि जास्त चोळावे तर मुळेच तुटून हातात येतात. माध्यमात लिटरला तीस ग्रॅम साखर असते, तिचा अंश या कणांबरोबर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) जातो. कोरड्या हवेच्या गावी हे कदाचित खपूनही जात असेल, पण मुंबईच्या जुलैमध्ये, झाकलेल्या ट्रेमध्ये, रोपाच्या बुडाशी पांढरी बुरशी धरते आणि काल ताठ उभे असलेले रोप आज आडवे झालेले दिसते. जेलनवरची रोपे पाण्यात दोन-चार वेळा हलवली की मुळे बहुधा स्वच्छ सुटतात. रोपे पावसाळ्यात कणखर करायची असतील, तर हा फरक मला बाकी सगळ्या सोयी-गैरसोयींहून मोठा वाटतो.

जेलनचा एक दोष मात्र गंभीर आहे. त्यावर रोपे पाणचट, काचेरी आणि ठिसूळ होण्याचा धोका अधिक असतो, आणि झाकणांना आतून घाम सुटला की तो आणखी वाढतो. प्रमाण किंचित वाढवून आणि हवा खेळती राहील अशी झाकणे वापरून आमच्याकडे हा त्रास बराच आटोक्यात आला. टोमॅटोवर तरीही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते.

विद्यार्थ्यांना हात बसवायला द्यायचा असेल, किंवा वाण नुसते बाटलीत जपून ठेवायचे असतील आणि मातीत जाण्याची घाई नसेल, तर अगर घ्यायला हरकत नाही. रोपे ट्रेमध्ये जगवून पुढे द्यायची असतील, तर आधी जेलनचे लहान पाकीट आणावे आणि बटाट्याच्या एकाच वाणाची एकेका डोळ्याची कांडी दोन्हींवर लावून, मुळे धुण्याच्या दिवशी दोन्हींची तुलना करावी.