ठोकलेली बाजू खरी होती, लबाडी दाराखाली होती

अपघातात मार खाल्लेली जुनी स्पोर्ट्स कार घ्यावी का, आणि घेतलीच तर ती पुन्हा उभी करण्यात काही राम आहे का, या विचारात जे असतील त्यांच्यासाठी हे लिहितोय. मला ज्या पद्धतीनं गंडवलं ती इतकी साधी आहे की माझ्यावरच पहिल्यांदा वापरली असेल असं मला वाटत नाही.

गाडी होती एमजीबी रोडस्टर, म्हणजे पक्कं छप्पर नसलेली ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९६७ ची, क्रोम बंपरवाली. पुढचा डावा कोपरा ठोकलेला. मडगार्ड चेपलेलं, रेडिएटर फुटलेला, बोनेटला घडी पडलेली. विक्रेत्यानं यातलं काहीही लपवलं नाही. उलट स्वतःहून बॅटरी घेऊन आत उजेड पाडला, कुठला पत्रा किती आत गेलाय ते बोटानं दाखवलं. 'जे आहे ते समोर आहे, बाकी बॉडी टणक' हे वाक्य त्यानं इतक्या सहज म्हटलं की माणूस सरळ वाटावा. सगळी गोम इथेच आहे. दिसणारं नुकसान कबूल करून त्यानं न दिसणाऱ्याकडे बघूच दिलं नाही.

शिवाय त्या अपघाताची सबब त्याला प्रत्येक ठिकाणी कामाला आली. गाडी चालवून बघायची? रेडिएटर फुटलाय. खाली चाकांवर का नाही, स्टँडवर का? पुढचं चाक वाकलंय. दाराची फट थोडी वेगळी वाटते? धक्क्यानं बिजागरी हलली असेल, बसवली की झालं. प्रत्येक उत्तर पटण्यासारखं होतं.

एमजीबीला वेगळी चासी नसते. सगळी ताकद पत्र्याच्या बॉडीतच असते, आणि रोडस्टरला वर छप्परही नसल्यामुळे तो भार दोन्ही दारांखालच्या सिलवर येतो. सिल म्हणजे नुसती बाहेरून दिसणारी पट्टी नव्हे. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा आणि खालची कंगोऱ्याची पट्टी मिळून ती एक बंद पेटी बनते. पाणी आत शिरलं की ही पेटी आतून बाहेर सडते. त्यामुळे बाहेरून गंज दिसायला लागतो तोवर आत बरंचसं संपलेलं असतं.

गंजाच्या भोकांत पुट्टी भरलेली असेल तर तिथे चुंबक चिकटत नाही, म्हणून मी लोहचुंबक घेऊन गेलो होतो. बोनेटला ते चिकटेना. 'ॲल्युमिनियमचं आहे, त्या काळच्या एमजीबीला तसंच येतं,' तो म्हणाला, आणि ते अगदी खरं होतं. सिलला मात्र चुंबक पहिल्या टोकापासून शेवटपर्यंत घट्ट बसलं. पुट्टी नव्हतीच तिथे. सडलेल्या सिलवरच नवा कोरा पत्रा चढवून वेल्डिंग मारलं होतं आणि खालून जाड काळा लेप फासला होता. चुंबकानं पुट्टी ओळखता येते, नव्या पत्र्याच्या आड लपलेला जुना गंज ओळखता येत नाही. ही एक गोष्ट तरी लक्षात ठेवा.

असा वरून चढवलेला पत्रा ओळखायचा कसा, तर टोकं बघायची. मूळ सिल पुढच्या मडगार्डच्या आतून आणखी पुढे जाते. ती खरोखर बदलायची तर मडगार्ड काढावं लागतं किंवा त्याचा खालचा भाग कापून पुन्हा जोडावा लागतो. माझ्या गाडीतला नवा पत्रा मडगार्डच्या कडेशी येऊन थांबला होता. तेवढाच भाग बाहेरून दिसतो, म्हणून तेवढाच केलेला. पुढचं चाक काढून चाकाच्या पोकळीतून मागे बघितलं तर आत जुन्या सिलचे पापुद्रे सुटलेले, बोट लावलं की भुगा.

आणि दाराच्या फटी. वेल्डिंगवाल्यानं स्टँड काढून गाडी चाकांवर उतरवली तेव्हा दार आणि मागचा खांब यांच्यातली फट वर चिमटत गेली आणि खाली उघडली. गाडी मधोमध खाली बसत होती. मग त्यानं सिलखाली जॅकच्या जागी जॅक लावून हळूच उचललं, तर वरची फट परत मोकळी व्हायला लागली आणि तेवढ्यात जॅकची जागाच कर्रकन आत दबली. विक्रेत्याचे स्टँड कुठे ठेवलेले होते ते मला तेव्हा उमगलं. नेमके फटी सरळ दिसतील अशा जागी. गाडी स्टँडवर असेल तर ती खाली उतरवून दाखवा म्हणायचं. वाकलेल्या चाकावर उभी राहू शकत नाही असं उत्तर आलं तर दुसरं चाक लावता येतं.

सिलचं काम झाल्याचा पुरावा म्हणून त्यानं फोटोंची अख्खी फाईल दाखवली होती. फोटो चांगले होते, काम उत्तम होतं, फक्त गाडी दुसरी होती. १९६७ च्या एमजीबीत सीटच्या मागे, जमिनीखाली सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, दोन बाजूंना दोन. १९७४ च्या अखेरीस रबर बंपर आले तेव्हापासून बारा व्होल्टची एकच. फोटोतल्या बॉडीत एकाच बॅटरीची जागा होती.

इंजिनाचंही तेच. 'मॅचिंग नंबर', म्हणजे कारखान्यात बसवलेलं मूळ इंजिनच अजून आहे, म्हणून भाव वाढवलेला, पण ब्लॉकवरच्या पट्टीचा आकडा १८व्ही पासून सुरू होत होता. ही मालिका सत्तरच्या दशकातली. १९६७ च्या मार्क वन, म्हणजे पहिल्या आवृत्तीच्या गाडीत आकड्याची सुरुवात १८जीबी हवी. मूळ इंजिनाचा नंबर काय होता हे इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या नोंदींवरून प्रमाणपत्रात मिळतं. बदललेलं इंजिन हा काही गुन्हा नव्हे, चांगलं चालतंही. पण न बदललेलं म्हणून पैसे घेणं हा गुन्हा आहे.

आता ती उभी करायची का? गंमत बघा, ज्या अपघातानं सगळे घाबरतात ते काम यात सर्वांत स्वस्त आहे. पुढचं मडगार्ड, बोनेट, रेडिएटर सगळं बोल्टवर आहे, काढा आणि नवं लावा. आतल्या पुढच्या दांड्या वाकल्यात का हे तिरकी मापं घेऊन कळतं, माझ्या गाडीत त्या सरळ निघाल्या. खर्च आहे तो दाराखाली. दाराच्या चौकटीत आडवे आधार ठोकून, एका वेळी एकच बाजू उघडून, पूर्ण पेटी नव्यानं बांधायची. घाई केली तर बॉडी वाकडी वेल्ड होते आणि मग दारं आयुष्यात बसत नाहीत.

दुसरा मार्ग म्हणजे आख्खी नवी बॉडी. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही कंपनी १९८८ पासून एमजीबीची ती बनवते, मूळ साच्यांचा वापर करून. बऱ्याच गाड्यांसाठी हा शहाणपणाचा उपाय आहे. पण माझ्याकडच्या गाडीचं इंजिन तिचं नाही, बॉडीही तिची राहणार नाही, मग उरलं काय, नंबरप्लेट? ज्या गाडीचं स्वतःचं इंजिन, गिअरबॉक्स आणि कागद शाबूत आहेत तिच्यासाठी मी नवी बॉडी घेतली असती. हिच्यासाठी नाही. एसयू कार्ब्युरेटरची जोडी, तारांची चाकं, मागचा ॲक्सल आणि डॅशबोर्डावरची घड्याळं काढून ठेवलीत, ती कुठल्या तरी धडधाकट एमजीबीला लागतील.

विक्रेत्याचं म्हणणं, गाडी 'आहे तशी' विकली होती. त्याच्याच जाहिरातीत 'दोन्ही सिल पूर्ण नव्या' असं लिहिलेलं होतं आणि तो मजकूर मी विसार देण्याआधीच जपून ठेवला होता. माझ्या वकिलाला या सगळ्यात उपयोगी वाटलेला कागद तोच आहे. तोंडी सांगितलेलं प्रत्येक वाक्य विक्रेत्याला मेसेजवर लिहून मागा, आणि फोटो दिले तर त्यात गाडीचा चासी नंबर दिसतो का ते आधी बघा. ती फाईल त्याच्याकडे अजून आहे, आणि परवा त्यानं आणखी एक ठोकलेली रोडस्टर विकायला काढली आहे.