पाना बदलून मिळेल, पण बोल्टचं काय?

४६ नगांचा तो हत्यारांचा डबा तुम्ही पाहिला असेलच. ऑनलाइन चारशे ते सातशे रुपयांत मिळतो. झाकण उघडलं की गोट्या, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसवायचे सॉकेट, रुखवतातल्या भांड्यांसारख्या ओळीने मांडलेल्या, आणि प्रत्येकीवर 'क्रोम व्हॅनेडियम' हे पोलादाच्या मिश्रधातूचं नाव कोरलेलं. तेवढ्याच पैशांत पुण्याच्या बोहरी आळीतला दुकानदार चार-पाच सुटे पाने कागदात गुंडाळून हातात देतो. घरची गाडी स्वतः खोलू पाहणारा माणूस असो, की आयटीआय करून नुकतंच गॅरेज टाकणारा मुलगा, दोघंही इथेच अडतात. नग मोजले तर डबा जिंकतो, आणि मीही नगच मोजले होते.

पहिल्यांदा ऑइल बदलायला बसलो तेव्हा कळलं की जुनं ऑइल सोडायचा ड्रेन बोल्ट १७ मिलिमीटरचा आहे आणि डब्यातली सगळ्यात मोठी गोटी १४ ची. धावत जाऊन रस्त्यावरून बिननावाचा १६-१७ फिक्स (उघड्या तोंडाचा) पाना आणला. तिसऱ्या झटक्याला पाना फाकला आणि बोल्टचे कोपरे गोल झाले. पाना दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिला, तोंडी दिलेली वॉरंटी पाळली बिचाऱ्याने. बोल्ट मात्र वेल्डरने त्यावर नट चिकटवून काढला. मजुरी, नवा बोल्ट, वॉशर आणि एक अख्खा रविवार गेला. हा खर्च कुठल्याही वॉरंटीत बसत नाही, आणि हत्यारांची तुलना करताना लोक नेमका तोच धरत नाहीत.

म्हणून चार पर्याय शेजारी ठेवून पाहू: ऑनलाइन डबा, भारतीय ब्रँड, 'लाइफटाइम' लिहिलेलं परदेशी नाव, आणि जुन्या बाजारातला माल.

डब्यात खरंच काय असतं

४६ नगांपैकी साधारण १३ गोट्या असतात, ४ पासून १४ मिलिमीटरपर्यंत. बाकी बिट्स, ॲलन की, एक्स्टेन्शन वगैरे. हिरो, होंडा, सुझुकी, टीव्हीएस अशा गाड्यांवर मुख्यतः ८, १०, १२ आणि १४ लागतात. म्हणजे कामाच्या गोट्या चारच. सहाशे रुपये भागिले चार, दीडशेला एक गोटी पडली. एवढ्यात चांगल्या भारतीय ब्रँडची सुटी गोटी येते. आणि ज्यांना खरा जोर लागतो ते १७, १९ आणि त्याहून मोठे ॲक्सलचे (चाकाच्या आसाचे) नट यांना डबा हातही लावू शकत नाही.

दुसरी अडचण रॅचेटची, म्हणजे गोटी फिरवायच्या खटक्याच्या दांड्याची. गोटी बसते तो त्याचा चौकोन पाव इंची असतो. तो लहान बोल्टसाठीच आहे. १० चं डोकं असलेल्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर (पिळाचा जोर मोजायचं एकक) पुरतात, कारच्या चाकाच्या नटला शंभरच्या आसपास लागतात. त्या चिमुकल्या रॅचेटवर पाइप घालून चाक खोलायला गेलं की आतला खटका तुटतो, मग रॅचेट दोन्हीकडे नुसतं गरगर फिरतं. इथे वॉरंटी म्हणजे ऑनलाइन दुकानाची परत घेण्याची मुदत, बहुधा ७ ते १० दिवस. रॅचेट तुटतं दुसऱ्या महिन्यात.

डबा अगदीच टाकाऊ नाही. सायकल, मडफ्लॅप्स, बॅटरीचं टर्मिनल, घरातलं मिक्सर-कुलर यांना तो छान चालतो. डिकीत पडून राहायलाही हरकत नाही. फक्त गाडीचं इंजिन त्याच्या भरवशावर खोलू नका.

नाशिक, जालंधर, लुधियाना

टपारिया कंपनी नाशिकच्या सातपूरमधली. १९६९ मध्ये स्वीडनच्या कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने तिने हत्यारं बनवायला सुरुवात केली. महाराष्ट्रातल्या गॅरेजमध्ये तिची पकड आणि टेस्टर नसेल असं सहसा होत नाही. बाकी पान्यांचा मोठा माल जालंधर-लुधियानाकडून येतो. तिथले कारखाने अमेरिका-युरोपलाही पाने पाठवतात, त्यामुळे महागड्या परदेशी नावाखाली कधी कधी पंजाबातच ठोकलेला पाना आपल्या हातात परत येतो.

या वर्गात वॉरंटी असते ती 'उत्पादनातील दोषा'वर. त्याचा अर्थ असा की लोखंडात पोकळी निघाली, पोलादाला पाणी (तापवून थंड करत कडक करणं) नीट न बसल्याने पाना काचेसारखा तडकला, किंवा गोटीला चीर गेली, तर बदलून मिळतं. पाइप घालून वाकवला, हातोडीने ठोकला, ग्राइंडरवर घासून बारीक केला तर नाही. आता आपल्या गॅरेजमधला कुठला पाना या तिन्हींतून सुटलाय? पान्यात पाना अडकवून जोर लावणं ही तर आपल्याकडे पहिल्या आठवड्यात शिकायची विद्या. प्रत्येक मिस्त्रीकडे गॅसवर वाकवलेला एक तरी १२-१३ असतो, आणि तो त्याला जिवापाड प्यारा असतो. तो पाना वॉरंटीतून गेलाच.

प्रत्यक्षात काउंटरवर काय होतं ते महत्त्वाचं. ओळखीचा दुकानदार तुटलेली गोटी पाहतो, दोन शिव्या देतो आणि नवी देतो, कारण वितरक त्याला बदलून देतो आणि तुम्ही पुढच्या महिन्यात परत येणार आहात. सुटा माल घेण्याचा हा मोठा फायदा. सेटमधली एक गोटी गेली तर 'अख्खा सेट पाठवा' अशी भानगड नसते, आणि वॉरंटी नाकारली तरी तेवढीच एक गोटी विकत घेता येते. या वर्गाला मी सरळ झुकतं माप देतो, आणि त्याचं कारण वॉरंटी नाही, हे सुटे भाग मिळणं आहे.

धोका नकलांचा. नावात एखादं अक्षर फिरवलेली, तोच रंग असलेली पकड राजरोस विकली जाते. अस्सल पान्यावर नाव आणि माप ठसठशीत दाबलेलं असतं, नकलेवर बहुधा उथळ खरवडल्यासारखं. 'क्रोम व्हॅनेडियम' हे शब्द कोणीही कोरू शकतो, आणि मिश्रधातू बरोबर असला तरी पाणी चुकलं तर पाना एक तर मऊ राहतो किंवा ठिसूळ. फिक्स पान्यांसाठी आयएस २०२८ आणि रिंग (बंद तोंडाच्या) पान्यांसाठी आयएस २०२९ ही भारतीय मानकं आहेत, पाकिटावर ती दिसली तर बरं. पण माझी कसोटी साधी आहे. खिशात १०, १२ आणि १४ चे तीन नवे बोल्ट घेऊन दुकानात जायचं आणि पाना त्यावर बसवून हलवायचा. खडखडला तर ठेवून द्यायचा. दुकानदार विचित्र नजरेने बघतो, बघू दे.

'लाइफटाइम' म्हणजे कुणाचं आयुष्य?

यूट्यूबवर अमेरिकन मेकॅनिक पाहून आपल्याकडच्या पोरांच्या अपेक्षा वाढल्या आहेत. तिकडे सिअर्सच्या दुकानात तुटलेला क्राफ्ट्समनचा पाना काउंटरवर ठेवला की पावतीही न मागता नवा मिळायचा. स्नॅप-ऑन या हत्यार कंपनीची गाडी तर थेट गॅरेजच्या दारात येते. ते हत्यार महाग असतं ते त्या सेवेसकट.

आपल्याकडे त्याच तऱ्हेच्या पाकिटावर 'लिमिटेड लाइफटाइम' छापलेलं असतं. बारीक अक्षरं वाचली की कळतं, हे आयुष्य बहुधा हत्याराचं, तुमचं नव्हे. झीज वगळलेली, बिट्स आणि पाती वगळलेली, मूळ ग्राहकाकडे बिल हवं, आणि हत्यार सेवा केंद्रात पोचवायचं. पुण्या-मुंबईत ठीक. जतमधून किंवा सावंतवाडीतून अडीचशे रुपयांची गोटी कुरिअर करायची, त्याला शंभर रुपये आणि दोन आठवडे, तोवर दारात गिऱ्हाईक उभं. या वॉरंटीचे जादा पैसे एकाच हत्यारावर मोजावेत, ते म्हणजे अर्धा इंची रॅचेट. त्याची किंमत कुरिअरला परवडणारी असते, आणि चांगल्या कंपनीचा आतल्या खटक्याचा संच वेगळा मिळतो का, हे घेतानाच विचारून ठेवता येतं.

टॉर्क रेंचची, म्हणजे ठरवलेल्या जोराला क्लिक होणाऱ्या पान्याची, गोष्ट वेगळी. तिथे वॉरंटी तुटण्यावर असते, अचूकतेवर नाही. वर्षातून एकदा किंवा ५,००० क्लिकनंतर कॅलिब्रेशन (अचूकतेची तपासणी) करून घ्यावं असा सर्वमान्य दंडक आहे आणि तो खर्च तुमचा. वापरून झाल्यावर तो सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, एवढं तरी पाळा. घरच्या एका गाडीसाठी शेजाऱ्याचा मागून आणलेला बरा.

बुधवार-रविवारचा जुना बाजार

पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईचा चोर बाजार इथे वॉरंटी शून्य, पण पाना आधीच परीक्षा देऊन आलेला असतो. तीस वर्षं कुणा फिटरने वापरलेला आणि तरी न फाकलेला रिंग पाना आणखी तीस चालतो. गंज पृष्ठभागावर असेल तर घासून जातो. रिंगच्या आतले कोपरे धारदार आहेत का आणि फिक्स पान्याची दोन्ही टोकं समांतर आहेत का, एवढं बघा. रॅचेट, पकड आणि गोट्या इथून घेऊ नका, त्यांची झीज डोळ्यांना दिसत नाही. पाना कुठून आला हेही विचारूनच घ्यायचा, कारण चोरीचा माल येतो हे तिथल्या विक्रेत्यांनाही ठाऊक आहे.

मग पैसे कुठे घालायचे

जिथे हत्यार घसरलं की बोल्ट मरतो, तिथे. म्हणजे १०, १२, १४, १७ चे रिंग पाने (बजाज, रॉयल एनफिल्ड, टाटा, महिंद्रा असेल तर १३ आधी), त्याच मापाच्या सहा कोनी गोट्या, आणि एक चांगला प्लस स्क्रू ड्रायव्हर. बारा कोनी गोटी पटकन बसते आणि गंजलेल्या बोल्टचे कोपरे तितक्याच पटकन खाते. स्क्रू ड्रायव्हरचं तर विशेष. जपानी वंशाच्या जुन्या गाड्यांच्या इंजिन कव्हरवरचे स्क्रू दिसतात साध्या प्लससारखे, पण त्यांची खाच जपानी मानकाची असते. साधं टोक त्यातून उसळून बाहेर येतं आणि खाच भरडते. तिथे हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. हातोडा, छिन्नी, ऑइलचं नरसाळं, ॲलन की ठेवायची पिशवी यांना ब्रँड लागत नाही.

राहिली कायद्याची बाजू, आणि ती नव्या गॅरेजवाल्याने मुद्दाम वाचावी. '२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेल्या मालाला दाद नाही' असं दुकानदार सांगतात. ते अर्धंच खरं. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली हत्यारं त्या अपवादात मोडत नाहीत, तुम्ही ग्राहकच. तक्रार दोन वर्षांच्या आत, तुमच्या राहत्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगातही करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. तीनशे रुपयांच्या पान्यासाठी कोणी तिथे जात नाही हे खरं, पण १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर केलेला फोन पुरतो कधी कधी, विशेषतः ऑनलाइन विक्रेत्याला. त्यासाठी पाकिटावर उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता आणि ग्राहक सेवेचा क्रमांक हवा. आयात मालावर मूळ देशही हवा. हे छापणं बंधनकारक आहे. ज्या डब्यावर यातलं काहीच नाही, त्याची 'एक वर्ष वॉरंटी' नेमकी कोण देणार आहे, हे विकणाऱ्याला विचारून बघा.

आणि बिल. थर्मल कागदावरची अक्षरं सहा महिन्यांत उडतात. दुकानातून बाहेर पडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, त्यात पान्यावरचा ठसाही येऊ द्या.