एकच पिस्टन, अख्खा सेट की हाफ इंजिन? जुन्या गाडीचा हिशेब

पंधरा-वीस वर्षांच्या पेट्रोल गाडीचा पिस्टन गेला की मेकॅनिक तीन वाटा सांगतो: तेवढाच बदलू, सिलिंडर आतून किंचित मोठे कापून (म्हणजे बोअर करून) सगळे नवे टाकू, नाहीतर जुन्या बाजारातून हाफ इंजिन, म्हणजे वरच्या झाकणाशिवायचा इंजिनाचा खालचा भाग, आणू. होकार देण्याआधी हेड, म्हणजे ते वरचं झाकण, उतरवून सिलिंडरची भिंत बघा. पिस्टन गेलाय हे सगळ्यांना दिसतंच. खर्च किती होणार ते भिंत सांगते.

उदाहरणाला मारुती 800 घेऊ. 796 सीसी, तीन सिलिंडर, स्टँडर्ड बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) 68.5 मिमी. सीझ झालेल्या, म्हणजे पिस्टन अडकून बसलेल्या, सिलिंडरमध्ये उभे चकचकीत पट्टे दिसतात आणि बघणारा घाबरून लगेच बोअरिंगला होकार देतो. पण बऱ्याचदा तो पिस्टनचा वितळून चिकटलेला ॲल्युमिनियम असतो. बारीक एमरी पेपरला ऑइल लावून घासा. खाली बीड (ओतीव लोखंड) गुळगुळीत निघालं तर भिंत वाचली. नख अडकलं तर ओरखडा खरा, आणि मग पहिली वाट बंद.

नख अडकत नाही म्हणूनही लगेच पिस्टन आणू नका. बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं असं मोजा. सिलिंडरमागे सहा रीडिंग. त्यांत 0.10 मिमीपेक्षा जास्त फरक म्हणजे सिलिंडर अंडाकार किंवा निमुळता झालाय. त्यात नवा पिस्टन टाकला तर चार दिवस बरं वाटेल, मग पुन्हा निळा धूर आणि ऑइल खाणं सुरू.

भिंत मापात असेल तर एकच पिस्टन बदलण्यात काही कमीपणा नाही. मोठी बचत मजुरीत होते: हेड वरून, चेंबर (तळाचं ऑइलचं भांडं) खालून काढलं की बऱ्याच गाड्यांत इंजिन न उतरवता काम होतं. नवा पिस्टन जुन्याच मापाचा हवा आणि वजनातही जुळायला हवा. पिनसकट (पिस्टन दांड्याला जोडणारी ती पिन) दोन्ही सराफाच्या काट्यावर ठेवा. दोन-तीन ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर दुसरा मागा, नाहीतर आयडलिंगला थरथर येते. सिलिंडरच्या तोंडाशी झिजेचा कंगोरा असेल तर तो आधी काढा, नाहीतर पिस्टनभोवतीची नवी वरची रिंग त्यावर आपटून तुटते. पिन प्रेस फिट (दाबून बसवलेली) असेल तर हातोडीने ठोकू देऊ नका, पिस्टन वाकडा होतो. रिंगा मात्र तिन्ही सिलिंडरच्या बदला.

बोअरिंगची वाट महाग पडते, कारण क्रँकसकट (पिस्टन ज्याला फिरवतात तो मुख्य दांडा) सगळं उतरवून सिलिंडरांचा रिकामा ब्लॉक लेथवर न्यावा लागतो. एक सिलिंडर बोअर करायचा तर बाकीचे दोनही त्याच मापाला न्यायचे. ओव्हरसाइज पिस्टन 0.25 आणि 0.50 मिमी मोठे मिळतात. आधी पिस्टन विकत घ्या, मगच ब्लॉक द्या. कारागिराने प्रत्येक पिस्टन मोजून त्याच्यापुरता बोअर करायला हवा. 0.50 ने इंजिन कागदावर सुमारे 808 सीसीचं होतं, पण ॲव्हरेजची काळजी त्यापायी करू नका. खरा घोटाळा होनिंगनंतर, म्हणजे दगडाने भिंत घासून बारीक खाचा पाडल्यावर, होतो. ब्लॉक डिझेलने पुसून दिला जातो आणि दगडाची भुकटी खाचांतच राहते. गरम पाणी, साबण, ब्रश. पांढऱ्या फडक्यावर करडा डाग उमटायचा थांबेपर्यंत धुवा आणि लगेच ऑइल लावा. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून तिच्या दोन टोकांमधली फट फिलर गेजने बघा: वरच्या रिंगला 0.20 ते 0.30 मिमी ठीक.

हाफ इंजिन वेळ वाचवतं, पण आतली झीज उघडल्याशिवाय कळत नाही. शिवाय इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. ब्लॉक बदलला की आरसीशी जुळत नाही, आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. पंधरा वर्षांच्या नूतनीकरणाला गाडी उभी राहते तेव्हा हेच अंगाशी येतं. कागद नसलेलं इंजिन फुकट मिळालं तरी नको. ब्लॉकला तडा गेलाय किंवा क्रँकही खराब आहे, तेव्हाच ही वाट धरा.

कोणतीही वाट घ्या, मोडका पिस्टन फेकू नका. माथ्याला भोक किंवा रिंगांमधली कड तुटलेली असेल तर ठिणगीचं टायमिंग, प्लग आणि कार्बोरेटर किंवा इंजेक्टर तपासा. स्कर्टवर (पिस्टनच्या खालच्या घेरावर) चारी बाजूंनी ओरखडे म्हणजे गरम झालं किंवा ऑइल पोचलं नाही. मराठवाड्यात रेडिएटरमध्ये बोअरवेलचं जड पाणी ओतायची सवय आहे. त्याचा पांढरा थर आतल्या नळ्या बुजवतो आणि मे महिन्यातल्या बेचाळीस डिग्रीत पंखा फिरत असूनही काटा वर जातो. रेडिएटर साफ करून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा, थर्मोस्टॅट बदला. तुकडे चेंबरमध्ये पडले असतील तर ऑइलची जाळी धुवा आणि बिगएंड बेरिंग (दांडा क्रँकला जोडतो तिथलं) उघडून बघा. ॲल्युमिनियमचा कण त्यात रुतला तर क्रँक खातो.

काम झाल्यावर पहिले हजार किलोमीटर माणसं-सामानाने भरलेली गाडी घेऊन कन्नडचा घाट चढू नका आणि तासन्‌तास एकाच वेगातही चालवू नका. पाचशेला ऑइल आणि फिल्टर बदला.